आधी मोऱ्या, मग इंजिन: बंद रेल्वेमार्ग पुन्हा जिवंत करायला निघालेल्या स्वयंसेवकांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

बंद पडलेला जुना रेल्वेमार्ग पुन्हा सुरू करायचाच, असं ठरवून जमलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाचा पहिला फोटो इंजिनासमोर काढलेला असतो. गंजलेलं इंजिन, त्याच्या पायरीवर उभी दोन मुलं, खाली पंधरावीस माणसं, कुणाच्या हातात तारेचा ब्रश. माझ्याकडेही असा एक फोटो आहे. त्यातलं इंजिन आम्ही दोन वर्षं घासलं, रंगवलं, त्याचं पितळ चकचकीत केलं. तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात रुळांखालचा मातीचा भराव वाहून गेला. सकाळी पोचलो तेव्हा रूळ आणि त्यांना लटकलेले स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी तुळया, झोळीसारखे हवेत लोंबत होते आणि खाली भली मोठी घळ पडली होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. भरावाच्या पोटात एक दगडी मोरी, म्हणजे ओहोळाचं पाणी पलीकडे नेणारी वाट, होती. तिच्या तोंडाशी माती, झुडपं आणि एक कुजका ओंडका अडकून बसला होता. चार माणसांचं एका दिवसाचं काम. ते आम्ही केलं नव्हतं, कारण ती मोरी आमच्यापैकी कुणी कधी पाहिलीच नव्हती. तिच्या डोक्यावरून आम्ही दर रविवारी इंजिनाकडे जात होतो.

त्या सकाळी आमच्यातले काही जण रडले. काही जण पुन्हा आलेच नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी विनंती एकच आहे. पहिली दोन वर्षं पाण्याला द्या. मग रुळांना. इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावा. तोवर त्याच्यावर चांगलं छप्पर घाला, धुराड्यावर झाकण बसवा, फिरत्या भागांना ग्रीस लावा आणि त्याला थांबू द्या. इंजिन छपराखाली दहा वर्षं थांबू शकतं. तुंबलेली मोरी एक पावसाळाही थांबत नाही.

मार्ग बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. एखादा जुना मार्ग नीट निरखून पाहा, त्यांची किती मेहनत पाणी वळवण्यात गेली आहे ते दिसेल. डोंगरउतारावरचं पाणी थेट कटिंगमध्ये, म्हणजे मार्गासाठी डोंगर कापून केलेल्या खाचेत, कोसळू नये म्हणून माथ्यावर खोदलेला आडवा चर. कटिंगच्या तळाला दोन्ही अंगांनी गटार. भरावाखाली जिथे जिथे ओहोळ आडवा येतो तिथे मोरी. बोगद्यात रुळांच्या कडेने झाकलेली नाली, आणि बोगद्यालाच इतका उतार की आत झिरपलेलं पाणी आपोआप बाहेर पडावं. पुलांच्या भिंतींत ठेवलेली पाणी निघायची भोकं. गाड्या चालू होत्या तेव्हा हे सगळं साफ ठेवणारी माणसं रोज त्या वाटेने पायी चालत होती. मार्ग बंद झाला तेव्हा गाडीबरोबर ते चालणंही थांबलं, आणि मार्गाची खरी पडझड तिथून सुरू झाली.

खडीचंच घ्या. खडी रुळांवरचं वजन खालच्या जमिनीवर पसरवते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी अडू न देता खाली सोडणं हेही तिचंच काम. पालापाचोळा कुजला, वाऱ्याने माती आली, गवत रुजलं, की खडीतल्या फटी बुजतात आणि स्लीपरखाली पाणी साठतं. वरून चाक गेलं की तिथला चिखल उसळून वर येतो, चाक पुढे गेलं की स्लीपर पुन्हा त्या खड्ड्यात बसतो. दर फेरीला खड्डा थोडा मोठा होतो. असा सांधा, म्हणजे दोन रुळांची टोकं जुळतात ती जागा, पहारीने उचलून कितीही वेळा खाली खडी ठासा, महिन्याभरात तो पुन्हा खचलेला दिसेल. खचण्याचं कारण शेजारच्या बुजलेल्या गटारात आहे. नवीन मंडळी स्लीपरवर घाम गाळतात आणि गटार पुढच्या वेळी करू म्हणतात. कृपा करून उलटं करा. गटार मोकळं केलं की काही ठिकाणी रूळ आपणहून सुधारल्यासारखे वाटतात. खालची जमीन वाळून पुन्हा घट्ट झालेली असते, एवढंच.

पुलांबाबत तर अधिकच सांभाळून. पूल वरून पाहू नका, खालून पाहा. नदीनाल्यातल्या खांबांच्या पायाशी पुराचं पाणी भोवरा करून माती ओढून नेतं. वरची कमान सुरेख, एक दगड हललेला नाही, आणि खाली पाया अर्धा उघडा, असं असू शकतं. दगडी किंवा विटांच्या कमानीत उगवलेलं झाड दिसलं की ओढून काढायची घाई करू नका. मुळांबरोबर दगडही येतात. खोड कापा, बुंधा पुन्हा फुटणार नाही असा मारून टाका, मग दगडांमधले सांधे भरा. आणि सांधे भरताना जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट कोंबू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि मग विटांचे पापुद्रे सुटायला लागतात. हे काम आपल्याला जमेल असं वाटतं तिथेच खरा धोका असतो. पूल आणि उंच भराव यांच्यासाठी अनुभवी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्या, त्याची फी भरा, आणि त्याने ‘नाही’ म्हटलं तर नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, इंजिन नसेल तर लोक येणार कशाला आणि देणग्या देणार कशाला? बरोबर आहे. म्हणून वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेची गोष्ट सांगते. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या घराण्याची सुरुवात तिथे आहे. स्लेटच्या दगडासाठी १८६० च्या दशकात बांधलेली, ६८६ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढंच अंतर असलेली, ही छोटी लाइन. खाण बंद झाल्यावरही तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी ती पदराला खार लावून चालू ठेवली. १९५० मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅममध्ये सभा झाली, संस्था उभी राहिली, आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. सभेपासून गाडीपर्यंत जेमतेम सात महिने!

हा आकडा वाचून अनेकांना हुरूप येतो. मलाही आला होता. पण त्या वर्षी त्यांच्या हातात काय होतं तेही पाहा. ‘डॉलगॉक’ नावाचं एकच म्हातारं इंजिन कसंबसं चालण्याजोगं होतं. रूळ झिजलेले, स्लीपर कुजलेले, आणि बऱ्याच ठिकाणी रूळ जागेवर होते ते आजूबाजूच्या गवताने धरून ठेवले म्हणून. मग त्यांनी जवळच्या, १९४८ मध्ये बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं विकत आणली. गेज तेच, म्हणजे अडचण नसायला हवी. पण त्यातलं ३ नंबरचं इंजिन रुळांवर टिकेना. टॅलिलिनच्या रुळांमधलं अंतर ठरल्यापेक्षा वाढलेलं होतं आणि या इंजिनाच्या चाकांचा पृष्ठभाग अरुंद होता, त्यामुळे चाकं दोन रुळांच्या मध्ये घसरून पडायची. इंजिन होतं, चालक होता, प्रवासी होते. रूळ तयार नव्हते. पुढची कित्येक वर्षं त्या मंडळींनी मुख्यतः काय केलं असेल तर मार्ग नव्याने घातला, जवळजवळ सगळा. त्यांना आधी गाडी चालवावी लागली, कारण त्यांची लाइन कधी पूर्ण बंद पडलीच नव्हती आणि एक हंगाम चुकला असता तरी सगळं संपलं असतं. तुमची लाइन आधीच बंद आहे. तुमच्याकडे त्यांच्याहून जास्त वेळ आहे, तो वापरा.

आता रुळांकडे येते, कारण तुमच्या आयुष्यातले सगळ्यात जास्त रविवार इथे जाणार आहेत.

हिशेब साधा आहे. ६५ सेंटिमीटरला एक धरला तर एका किलोमीटरला साधारण १,५०० स्लीपर लागतात. बंद मार्गावर तिसरा हिस्सा कुजलेला निघाला तर ५०० बदलायचे. सहासात जणांची नवशिकी टोळी दिवसाला दहा बदलू शकली तर पन्नास दिवस. आठवड्यातून एकच दिवस काम चालत असेल आणि अधूनमधून पाऊस, सणवार, आजारपण धरलं, तर एका किलोमीटरला वर्ष. हा हिशेब पहिल्याच सभेत फळ्यावर लिहा. काही माणसं तो पाहून जातील. जी राहतील त्यांच्या जोरावर काम होईल. उत्साहाच्या भरात ‘दोन वर्षांत गाडी’ असं जाहीर करून तिसऱ्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि ते पाहणं फार क्लेशाचं असतं.

लाकडी स्लीपर दिसतो त्यावर जाऊ नका. तो आतून कुजतो. हातोड्याने ठोकून पाहा. चांगला असेल तर खणखणीत आवाज येतो, पोकळ असेल तर दबका. खिळा हाताने हलतो का पाहा. खिळ्यांची पकड गेली की रूळ बाहेर सरकतात, गेज रुंदावतं, आणि टॅलिलिनच्या ३ नंबरचं झालं तेच होतं. वळणावर हे आधी होतं, म्हणून वळणावरचे स्लीपर आधी बदला. लागोपाठचे तीनचार कुजलेले असतील तर ती सगळ्यात वाईट जागा. एक चांगला, एक वाईट असं असेल तर थोडा दम धरता येतो.

रुळांच्या सांध्यातली फट बुजवू नका. नवीन माणसाला ती फट म्हणजे दोष वाटते. पोलाद एक अंश तापलं की दर मीटरला मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकं वाढतं, ऐकायला काहीच नाही. पण १२ मीटरचा रूळ पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर साडेपाच मिलिमीटर लांबतो, आणि असे शेकडो रूळ एकमेकांना ढकलत असतात. फट नसेल तर ते बाजूला फुगतात, सरळ मार्ग सापासारखा वळतो. म्हणून फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, खोला, गंज काढा, तेल-ग्रीस लावून पुन्हा बसवा. रूळ तिच्यात मोकळेपणी सरकला पाहिजे. वर्षानुवर्षं गंजून जाम झालेला सांधा हा बंद मार्गांचा नेहमीचा रोग आहे, आणि पहिल्या उन्हाळ्यातच तो डोकं वर काढतो.

स्लीपर उचलताना पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. दोन टोकांना दोन माणसं आणि बोलणारा एकच. मी हे कितीदा सांगितलं असेल! तरीही पहिला अपघात बहुतेक वेळा इथेच होतो, गाडीखाली नव्हे. आमच्या टोळीतल्या एका मुलाचं बोट रूळ आणि स्लीपरच्या मध्ये सापडलं, कारण दोघांनी एकाच वेळी ‘सोड’ म्हटलं आणि तिघांनी वेगवेगळं ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडे मुकादम एकच, आणि त्याच्याखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही. जुने डांबरी तेल लावलेले स्लीपर उघड्या हातांनी धरू नका, आणि ते जाळू तर अजिबात नका. जुन्या डब्यांत आणि इंजिनाच्या बॉयलरवरच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडायला मुलांना बसवू नका. जुन्या रंगात शिसं असतं. या गोष्टींचं भय बाळगा, असं मी मुद्दाम सांगते आहे.

पाणी आणि रूळ यांच्याआधीही एक गोष्ट येते. ती म्हणजे वाट स्वतः, म्हणजे जमिनीची ती लांबच लांब पट्टी. ती तुटू देऊ नका. इंग्लंडमध्ये स्वॉनेजची शाखा जानेवारी १९७२ मध्ये बंद झाली आणि त्याच उन्हाळ्यात काही आठवड्यांत तिचे रूळ उचलून नेले. स्वयंसेवकांनी ते एकेक करत पुन्हा घातले. कॉर्फ कॅसलच्या स्टेशनात त्यांची गाडी पोचली तेव्हा १९९५ उजाडलं होतं. उचलायला काही आठवडे, घालायला दोन दशकं. ब्लूबेल रेल्वेची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. त्यांनी १९६० मध्ये गाडी सुरू केली, पण ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत जायचं तर मध्ये एक खोल कटिंग होतं, इम्बरहॉर्नचं. मार्ग बंद असताना ते कटिंग शहराच्या कचऱ्याने भरून टाकलं होतं. तो कचरा उपसायचा, त्यातला बराचसा रेल्वेनेच वाहून न्यायचा, असं करत गाडी पलीकडे गेली मार्च २०१३ मध्ये. त्या कटिंगचा विचार आला की मला नेहमी वाटतं, कचऱ्याची पहिली गाडी रिकामी झाली त्या दिवशी कुणीतरी तिथे उभं राहून हात आडवा केला असता तर?

वेल्समधली फेस्टिनिऑग रेल्वे याच्या बरोबर उलट कारणाने वाचली. १९४६ मध्ये तिच्या गाड्या थांबल्या, पण जुन्या कायद्यात तो मार्ग मोडीत काढायची तरतूदच नव्हती, त्यामुळे रूळ झुडपांत पडून राहिले, कुणी उचलले नाहीत. १९५५ मध्ये स्वयंसेवकांनी समुद्रालगतच्या बांधावरून पहिली गाडी नेली आणि मग तुकड्या तुकड्यांनी डोंगराकडे सरकत गेले. वरच्या टोकाला मात्र वीजकेंद्राच्या जलाशयाने मार्गाचा तुकडा बुडवला होता. तिथे त्यांनी १९६५ पासून सुमारे ४ किलोमीटरचा नवा मार्ग खोदायला घेतला. डोंगरावर उंची गाठायला मार्ग स्वतःवरूनच वळसा घालून वर नेला, नवा बोगदा पाडला, आणि १९८२ मध्ये वरच्या टोकाच्या ब्लायनाउ फेस्टिनिऑगला गाडी पोचली. बांधाच्या त्या पहिल्या फेरीपासून २७ वर्षं. त्यांच्या हिमतीपुढे मी नतमस्तक आहे. पण तुमच्यावर ती वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे. म्हणून रंगाचा पहिला डबा आणण्याआधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते कागदोपत्री पाहा, दीर्घ मुदतीचा भाडेकरार लेखी करून घ्या, आणि मार्गाच्या आड येऊ शकणारा रस्ता, पाइपलाइन, बांधकाम यांच्या प्रत्येक प्रस्तावावर वेळेत हरकत नोंदवा. हे काम करणारा माणूस फोटोत कधी दिसत नाही. त्याला जपा.

मार्गालगत राहणाऱ्यांशीही पहिल्या दिवसापासून बोला. गाड्या बंद झाल्यावर त्यांनी ती वाट आपली मानलेली असते. मुलं तिच्यावरून शाळेत जातात, कुणी गुरं नेतं, कुणी फाटक काढून शेताचा रस्ता केलेला असतो. त्यांना अतिक्रमण करणारे म्हणून हटकलंत तर वीस वर्षं पाठीमागे कुरबुर लागेल. त्यांच्यासाठी ओलांडायच्या जागा ठरवून बांधून द्या. बोगद्यात वटवाघळं असतील, झुडपांत पक्ष्यांची घरटी असतील. विणीच्या दिवसांत तिथली छाटणी थांबवा. मार्ग रिकामा होता तेव्हा ती तिथे राहायला आली, तीही आता शेजारीच.

दुरुस्ती कधी संपते, असं मला नवीन मंडळी विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या फुर्काच्या जुन्या घाटमार्गाचं उदाहरण देते. खालून मोठा बोगदा होत आला तेव्हा, १९८१ च्या शरदात वरचा मार्ग बंद झाला. त्याच्या देखभालीसाठी स्वयंसेवक १९८३ मध्ये एकत्र आले. १९९० मध्ये त्यांनी कधीकाळी व्हिएतनामला विकली गेलेली वाफेची इंजिनं परत आणली. १९९२ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, सबंध मार्ग २०१० मध्ये. पण मला त्यात भावतो तो श्टेफनबाखचा पूल. त्या घळीत दर हिवाळ्यात हिमकडे कोसळतात, म्हणून १९२५ पासून तिथे घडीचा पूल आहे. दर शरदात तो उघडून, घडी करून दोन्ही काठांना ठेवायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा जोडायचा. आजही स्वयंसेवक दर वर्षी हे करतात. तिथे कुणी विचारत नाही की दुरुस्ती कधी संपणार. तुमच्या मोऱ्यासुद्धा तशाच. दर पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, तुमच्या मागून येणाऱ्यांनाही त्या साफ कराव्याच लागणार.

ऑस्ट्रेलियातल्या पफिंग बिली रेल्वेचा मार्ग तर पाण्यानेच घालवला होता. १९५३ मध्ये दरड मार्गावर आली, दुसऱ्या वर्षी तो बंदच करून टाकला. लोकांनी १९५५ मध्ये संस्था काढली, लष्कराच्या मदतीने दरडीला वळसा घालून १९६२ मध्ये मेन्झिस क्रीकपर्यंत गाडी नेली, आणि शेवटचं स्टेशन गेम्ब्रुक गाठलं १९९८ मध्ये. डोंगरात जिरलेल्या पाण्याने एका दरडीत जे नेलं, ते पूर्ण परत मिळवायला ४५ वर्षं लागली.

इंजिनाबद्दल थोडंच सांगते. ते दुरुस्त करायला पुष्कळ लोक मिळतील, ज्ञानही मिळेल. एवढंच लक्षात ठेवा की बॉयलर ही शोभेची वस्तू नाही. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. दाबाखालचं तापलेलं पाणी फुटलेल्या पत्र्यातून सुटलं तर काय होईल याचा विचार करा. परीक्षकाच्या दाखल्याशिवाय, ‘फक्त फोटोसाठी’ म्हणूनसुद्धा आग पेटवू नका. ब्रिटनमधल्या अशा रेल्वेंवर साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर इंजिनावरून उतरवून पूर्ण तपासतात. तो खर्च पहिल्या वर्षापासून बाजूला टाकावा लागतो.

तुमच्या गटात दोन जाती पडू देऊ नका, हे मात्र कळकळीने सांगते. इंजिनवाले आणि रूळवाले. बऱ्याच ठिकाणी पडतात. इंजिनवाल्यांना टाळ्या मिळतात, रूळवाले चिखलात असतात आणि मनात अढी धरून बसतात. आमच्याकडे भराव वाहून गेल्यावर नियम केला. ज्याला इंजिनावर काम करायचं आहे त्याने महिन्यातला एक दिवस गटारात घालवायचा. सुरुवातीला भांडणं झाली. पण ज्या चालकाने स्वतःच्या हाताने सांधा ठासला आहे तो त्या सांध्यावरून गाडी वेगळ्या हाताने नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हिशेब लिहिणारी, चहा करणारी, दुपारी कामावर पाणी घेऊन येणारी माणसंही त्याच पाटीवर, त्याच अक्षरात लिहा.

आणि जुन्या रेल्वेकामगारांना शोधा. आजच. दहा वर्षांनी नाही. ज्यांनी त्या मार्गावर गँगमध्ये, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीत, काम केलं ती माणसं म्हातारी झाली आहेत, काही गेली. नकाशात नसलेल्या मोऱ्या त्यांना ठाऊक असतात. कोणत्या कटिंगमध्ये माती सरकते, कुठला झरा उन्हाळ्यातही आटत नाही, कुठल्या मैलाच्या दगडापाशी सांधा कितीही ठासला तरी बसतोच, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्यात असे एक आजोबा उशिरा आले, भराव वाहून गेल्यानंतर. घळीकडे बघून म्हणाले, “इथे मोरी आहे हे मला विचारायचं होतं.” कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

त्यांनीच मला शिकवलेलं काम तुम्हाला देते, ते पहिल्याच महिन्यात करा. पाऊस थांबल्यावर पाहणी करायची नाही. पाऊस चालू असताना करायची, तो जोरात असेल तेव्हा. दोघादोघांच्या जोड्या करा, एकटं कुणी जाऊ नका, बोगद्यात आणि कड्याखाली शिरू नका, पाण्यात उतरू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार्गाने चाला. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, कुठे गढूळ होऊन बाहेर पडतं ते लिहून घ्या. गढूळ पाणी म्हणजे आत माती सुटते आहे, त्या जागेवर लाल खूण. स्वच्छ पाणी म्हणजे मोरी अजून जिवंत आहे, तिथे हिरवी खूण. प्लास्टिकच्या पिशवीत वही ठेवा, शाई पसरते म्हणून पेन्सिल घ्या. संध्याकाळी सगळ्या जोड्यांच्या वह्या एका लांब कागदावर उतरवा, पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत.

तो कागद भिंतीवर लावा, आणि पुढच्या रविवारी सगळ्यात मोठ्या लाल खुणेपाशी फावडी, घमेली घेऊन जा. मला कळवलंत तर मीही येईन. माझी पहार माझ्याकडे आहे.

तुमची,
मोऱ्या साफ करणारी एक स्वयंसेविका